निळ्या कोटातला डॉक्टर

जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून पोलंडकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरानं नवीन भाषा तयार केली. एस्पेरांतो तिचं नाव. एवढी मोठी जगाची सोय, पण माझ्या वाट्याला ती आली एका बाईशी बोलण्यापुरती. बाई गेली आणि भाषा माझ्याजवळ राहून गेली. आता म्हातारपणी मी कधी भाजी निवडता निवडता चार शब्द पुटपुटते, तर सुनेला वाटतं सासूबाईंचं डोकं फिरलं. वाटू दे. तिला समजावून सांगायला बसले तर भाजी राहील.

नागपूरला दीक्षा झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी भंडाऱ्याकडच्या आमच्या गावातून भिलाईला आले. कारखान्याची पहिली भट्टी नुकतीच पेटली होती. जिकडे बघावं तिकडे खोदलेली लाल माती, आणि त्या मातीतून सरळ रेषेत उगवलेली क्वार्टरं. सेक्टर दोनमध्ये आम्हाला त्यातलंच एक मिळालं. सगळी इतकी सारखी, की पहिल्याच आठवड्यात मी बाजारातून आले ती दुसरीच्याच चुलीपुढे जाऊन बसले. घरची बाई तेलुगू. ती रागावली नाही, तिनं पाणी दिलं. मग दोघी एकमेकींकडे बघून हसत बसलो, कारण तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि मला माझ्या गावच्या बोलीशिवाय. हसून हसून किती हसणार? शेवटी मी उठले आणि आपलं घर शोधायला लागले.

एका बाजूला पंजाबी, दुसऱ्या बाजूला मल्याळी, मागच्या ओळीत बंगाली. पुढे आम्ही सगळ्याच मोडकंतोडकं हिंदी शिकलो, पण ते नळ आला, राशन आलं, एवढ्याच कामाचं. मनातलं बोलायला कुणी नव्हतं. माझे मालक सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे, आणि आल्यावर त्यांना भाकरीपुढे शब्द सुचत नसत.

एकदा त्यांनीच हौसेनं मला दुर्गला नेलं. तिथे जुनी मराठी घरं होती, त्यातल्या एकांची ह्यांच्याशी कारखान्यात ओळख झाली होती. त्या घरची मराठी ऐकायला इतकी गोड, पुस्तक वाचून दाखवावं तशी. मी सुखावून गेले. चहा आला, दोन-चार प्रश्न आले, आम्ही उत्तरं दिली, आणि घरच्या बाईला एकाएकी आत काहीतरी उतू जात असल्याचं आठवलं. ती आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. परतताना सायकल मारता मारता मालक म्हणाले, "लयच दूध उतू गेलं म्हना बापा त्याईचं." मी हसले. मग कॅरिअरवर बसून, त्यांच्या पाठीला कळू न देता, रडलेही.

माझे मालक कारखान्यात पेंटर होते. "सिर बचाओ", "आग से सावधान" असल्या पाट्या रंगवायचे. हिंदीखाली तेच रशियनमध्ये लिहावं लागे, कारण कारखाना रशियन लोकांच्या मदतीनं उभा राहत होता. ती उलटीसुलटी अक्षरं ड्रॉइंग ऑफिसमधले एक बंगाली बाबू कागदावर काढून देत. बाबू एकटे, सज्जन आणि एस्पेरांतोनं पछाडलेले. दर रविवारी सेक्टरच्या वाचनालयात ते त्या भाषेचा क्लास घ्यायचे. विद्यार्थी मिळेनात, तेव्हा त्यांनी ह्यांनाच धरलं. माझे मालक दोन रविवार गेले आणि दोन्ही रविवार बाकावर झोपले.

"अवं, तूच जा माह्या बदली," तिसऱ्या रविवारी म्हणाले. "बाबू चांगला मानूस हाये, त्याले नाई म्हनवत नाई. पन मले तिथं लय झोप येते."

"मी चौथी पास. मले काय समजन?"

"मी तं सातवी पास हावो. मले तरी काय समजून राहिलं?"

कारखान्यात बदली कामगार असतात, तशी मी एस्पेरांतोची बदली विद्यार्थिनी झाले.

ती तिथेच भेटली. रशियन इंजिनिअरची बायको, माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठी, फुलाफुलांचा फ्रॉक, उन्हानं नाकाचं साल निघालेलं. तिला ती भाषा लहानपणापासून येत होती, तरी ती माझ्याशेजारी बाकावर बसायची. बाबूंनी फळ्यावर पहिला शब्द लिहिला, "मी", आणि म्हणाले याचा अर्थ "मैं". मला वाटलं बाबू माझी थट्टा करताहेत. मी तिच्याकडे बघितलं. तिनं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मी." त्या परक्या गोऱ्या बाईच्या तोंडून तो शब्द ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

काही महिन्यांत मला बोलण्यापुरते शब्द आले. रविवारचा क्लास संपला की ती माझ्याबरोबर घरी यायची, पायरीवर बसायची आणि लाखोळीची भाजी निवडू लागायची. पानांपेक्षा काड्याच जास्त ठेवायची, मी गुपचूप पुन्हा निवडायची. माझ्या हातचं तिखट वरण खाऊन तिचे डोळे वाहायचे, तरी वाटी पुढे करायची. आमच्याजवळ शब्द थोडे. त्यामुळे कुणाची चहाडी करता येत नव्हती, बढाई मारता येत नव्हती, आणि खोटं बोलायला तर जागाच नव्हती. जे खरं आणि सोपं तेवढंच बोलायचं. मी तिला गावची विहीर सांगितली. पाणी जवळ होतं, पण आम्ही दूर जायचो. ती म्हणाली, "कियाल?" म्हणजे का, आमच्या बोलीत "कावून?" मी खूप शोधलं, पण त्याला लागणारा शब्द बाबूंनी शिकवलाच नव्हता. तिनं माझा हात धरून ठेवला आणि पुढे विचारलं नाही.

तिनंही आपलं सांगितलं. तिचे वडील ही भाषा बोलायचे, शिकवायचे. घरात भिंतीवर त्या डॉक्टरचा फोटो होता. एके दिवशी माणसं आली आणि वडिलांना घेऊन गेली. ही भाषा बोलणारे लोक तेव्हा सरकारच्या डोळ्यांत खुपत होते, एवढंच तिला ठाऊक. वडील परत आले नाहीत. आईनं त्याच दिवशी फोटो चुलीत घातला आणि भिंतीवरच्या चौकोनी डागावर टॉवेल टांगला. तो टॉवेल ती मोठी होईपर्यंत तिथेच होता, असं ती म्हणाली. तेव्हा मला आमच्या घरातला फोटो आठवला. आमच्याही घरात एकच फोटो होता, ज्यांनी आम्हाला दीक्षा दिली त्यांचा. तो कुणी जाळायला सांगितला असता तर, एवढा विचार आला आणि मी उठून आत जाऊन तो बघून आले.

पुढच्या वर्षी बाबूंच्या डोक्यात आलं की वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीवर त्या डॉक्टरचं मोठं चित्र काढायचं. भिंत रस्त्याकडे तोंड करून होती, खुर्सीपारच्या मजूरवस्तीतून कामावर येणारी माणसं तिथूनच जायची. त्यांनी वर अर्ज-विनंत्या करून परवानगी मिळवली. चित्र काढणार अर्थातच माझे मालक, कारण क्लासमध्ये झोप काढल्याचं ऋण त्यांना फेडायचं होतं.

हे कळलं त्याच दिवशी तीही एक बातमी घेऊन आली. तिच्या नवऱ्याला जे मशीन बसवायला पाठवलं होतं ते बसवून झालं होतं. महिन्याभरात त्यांना परत जायचं होतं. ती पायरीवर बसून म्हणाली, मला ते तोंड एकदा भिंतीवर बघायचंय. घरात नाही, बाहेर, उन्हात, सगळ्यांसमोर. मग मी जाईन.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. ती जाणार, हे मला थांबवता येत नव्हतं. निदान चित्र तरी तिच्या डोळ्यांदेखत पुरं व्हायला हवं होतं. मी रोज ह्यांच्या मागे लागायची. "कुठवर आलं? नाक झालं का? डोये झाले का?" शेवटी हे कावले. "अवं, मानसाचं तोंड हाये ते, भाकर नाई थापून द्याले."

काम त्यांनी मन लावून केलं. भिंत खरवडली, अस्तर दिलं. बाबूंनी दिलेला फोटो तळहाताएवढा, काळापांढरा. त्यावर पेन्सिलीनं चौकोन पाडले. मग सुतळी निळीत बुडवून, एक टोक मी धरायचं, एक त्यांनी, आणि मधून ताणून सोडली की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. तसे मोठे चौकोन पाडले आणि छोट्या चौकोनातलं नाक मोठ्या चौकोनात, छोट्यातली दाढी मोठ्यात, असं चित्र वर चढत गेलं. उन्हानं रंग फाटू नये म्हणून परांचीवरून गोणपाट सोडलेलं. मैत्रीण रस्त्यावरून जायची, पण वर बघायची नाही. पुरं झाल्यावरच बघणार, म्हणायची.

ठरलेल्या रविवारी सकाळी गोणपाट काढलं. संध्याकाळी छोटासा कार्यक्रम, आणि दुसऱ्या दिवशी तिची गाडी. मी डबा घेऊन गेले तर वाचनालयापुढे खुर्सीपारच्या आठ-दहा बाया उभ्या. ठेकेदाराकडे माती वाहणाऱ्या रेजा. बहुतेक आमच्याच, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, भिंतीखाली मेणबत्त्या लावल्या होत्या आणि हात जोडून उभ्या होत्या.

मी वर बघितलं आणि कपाळाला हात लावला. तोंड डॉक्टरचंच होतं, टक्कल, चष्मा, दाढी. पण कोट निळा. निळा म्हणजे आमच्या झेंड्याचा निळा. आणि एका हातात जाडजूड पुस्तक. माझे मालक दर जयंतीला एकाच महापुरुषाचं चित्र काढत आले होते. थोर माणसाच्या गळ्याखाली काय असतं हे त्यांच्या हाताला पाठ होतं, आणि हातानं कुणाला न विचारता ते काढून टाकलं होतं.

बायांमध्ये चर्चा चालली होती.

"पन दाढी कावून हाये?"

"विलायतेत होते तवाची असन. थंडी लय असते म्हनतेत तिकडं."

"म्या नागपूरले सोताच्या डोयानं पायलं त्याईले," एक म्हातारी म्हणाली. "तवा दाढी नोती."

"मंग दीक्षेच्या आंधी काढली असन."

मला हसू आवरेना. तेवढ्यात बाबू सायकलवरून आले आणि पडता पडता वाचले. "ये क्या किया तुमने? कोट काला है, काला!"

मालक शांतपणे म्हणाले, "साहब, फोटो में तो सबही काला है."

"और किताब? किताब कहाँ से आया?"

"इतना बड़ा आदमी, और हाथ खाली?"

बाबूंनी डोकं धरलं. त्यांचंही खरं होतं. वर्षभर त्यांनी या भिंतीसाठी खेटे घातले होते. ते म्हणाले, कोट आताच्या आता काळा करा, पुस्तक पुसा, मेणबत्त्या उचला. मी मध्ये पडले. आता हात लावला तर संध्याकाळी अर्धा कोट ओला, अर्धा निळा असणार, आणि उद्या तिची गाडी. आज नको, असं मी त्यांना हिंदीत, एस्पेरांतोत, जमेल त्या भाषेत सांगत होते. आणि बायांना आमच्या बोलीत सांगितलं, "मावशी, हे आपले नोहेत. परदेशातले डॉक्टर हायेत."

"मंग इथं कावून काढले?"

"लोकाईले एकमेकाशी बोलता यावं म्हनून त्याईनं एक भाषा केली. कोनाची वरची नाई, कोनाची खालची नाई. सगळ्याईले सारखी."

म्हातारीनं वर बघितलं, मग खाली मेणबत्तीकडे. "तं मंग मेनबत्ती कावून उचलू? जळू दे." आणि चपला घालून ती कामाला निघाली.

माझी मैत्रीण संध्याकाळची यायची होती, पण तिलाही राहवलं नसावं. बाबू अजून डोकं धरून बसले होते तेव्हाच ती कोपऱ्यावरून आली. वर बघत बघत आली, भिंतीसमोर येऊन थांबली. ऊन बरोबर त्या तोंडावर पडलं होतं. वडिलांच्या घरातला तो फोटो इतकी वर्षं जिनं डोळ्यांत जपला, तिला हा निळा कोट चालेल का? मी पुढे जाऊन सांगू लागले, चूक झाली, नवरा माझा वेडा आहे, उद्या काळा करतील.

तिनं मला गप्प केलं. मेणबत्त्यांकडे बोट दाखवून विचारलं, हे कुणी? मी म्हटलं, बायांनी. का? मी म्हटलं, त्यांना तो आपला वाटला.

मग वाकून तिनं बूट काढले, एक-एक करून, त्या लाल धुळीत अनवाणी उभी राहिली आणि आमच्या बायांनी जोडले होते तसेच हात जोडले. ते तिला नीट जमले नाहीत, बोटं वाकडीतिकडी झाली. मग ती हसली, "ब्लूआ" म्हणाली, म्हणजे निळा, आणि हसता हसताच रडायला लागली. बाबू उठून उभे राहिले. काळ्या रंगाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माझे मालक ब्रश धुवायला गेले ते बराच वेळ आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुर्ग स्टेशनवर खूप गर्दी होती. तिचा नवरा सामान मोजत होता. मी तिच्यासाठी लाखोळीची वाळवलेली भाजी बांधून नेली होती. तिनं खिडकीतून माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "मी वेनोस." मी येईन. मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की, त्याला इथेच राहू दे, मी त्याला बघायला येईन. गाडी हलली. मी चालत चालत फलाट संपेपर्यंत गेले. सगळ्याच निरोप द्यायला गेलेल्या बायका तशाच जातात, त्यात नवीन काही नाही.

चित्र राहिलं. दोनदा वरून चुना मारायला माणसं आली, दोन्ही वेळा खुर्सीपारच्या बायांनी त्यांना हाकललं. तोपर्यंत त्यांना पुरतं ठाऊक झालं होतं की हे आपले नव्हेत, तरी जयंतीला एक मेणबत्ती तिथेही लागायची. माझे मालकही दर वर्षी कोटावर रंगाचा हात फिरवायचे. बाबूंची बदली झाली, क्लास बंद पडला. जाताना ते त्यांचं एस्पेरांतोचं पुस्तक मला देऊन गेले. मी ते दुपारी दुपारी वाचायची. वाटायचं, ती आली की तिला माझं बोलणं ऐकून नवल वाटेल. किती वाट बघितली! रशियन बाया बाजारात दिसल्या की मी त्यांच्यामागे जायची, मुद्दाम मोठ्यानं "सालूतोन" म्हणायची, म्हणजे नमस्कार. त्या गोड हसून "नमस्ते" म्हणायच्या आणि टोमॅटो निवडायच्या.

काही वर्षांनी कारखाना आणखी वाढवायचं काम निघालं आणि रशियातून नवी माणसं आली. एका दुपारी त्यांच्यातला एक तरुण इंजिनिअर वाचनालयापुढे उभा राहून चित्राचा फोटो काढत होता. मी रस्ता ओलांडून धावतच गेले आणि मला येत होतं तेवढं सगळं एका दमात बोलून टाकलं. तो भला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग सावकाश, शिकवलेल्या हिंदीत म्हणाला, माताजी, ये भाषा मैं नहीं जानता. मग मी हिंदीतच त्याला मैत्रिणीचं सांगितलं. तिला हा फोटो द्याल का, विचारलं. कोट अजून निळा आहे, एवढं कळलं तरी ती येईल.

तो म्हणाला, जरूर. नाव काय?

मी नाव सांगितलं.

तो म्हणाला, हे नाव आमच्याकडे घरोघरी असतं. आडनाव काय?

मला ते माहीत नव्हतं. दोन वर्षं ती माझ्या पायरीवर बसली, माझ्या हातचं जेवली, मी तिच्या वडिलांसाठी रडले, पण तिचं आडनाव मी कधी विचारलंच नाही. मला ते विचारायचं नव्हतं. दुर्गच्या त्या घरात चहाबरोबर पहिला प्रश्न तोच आला होता, शाळेत तोच, विहिरीवर तोच. आडनाव विचारलं की माणूस उठून आत जातं, हेच मी शिकले होते. तिनं माझं विचारलं नाही, याचं मला इतकं अप्रूप होतं, की मीही ते तोंडून काढलं नाही. जिला जपायचं तिला एवढं विचारायचं नाही, असं मी मानलं होतं.

त्यानं चित्राशेजारी मला उभं करून एक फोटो काढला आणि निघून गेला. मी घरी येऊन भाकरी टाकल्या. हे जेवायला बसले, काय झालं विचारलं, मी काही नाही म्हटलं. आजही तिची इतकी आठवण येते की रस्त्यावर उभं राहून मोठ्यानं तिला हाक मारावीशी वाटते. पण त्या एवढ्याशा नावानं हाक मारली, तर त्या अख्ख्या देशातल्या लाखो बाया वळून बघतील, आणि मला त्यातली एकच हवी आहे.